डबल मीनिंग बाई

मार्च महिन्यातला दुसरा शुक्रवार, संध्याकाळचे सहा. ठरलेली रक्कम दोन हजार रुपये. निम्मी आधी, निम्मी कागद पुढे मान्य झाल्यावर. हजर माणसं तीन: बाई, माझी पुतणी विद्या आणि मी. खोलीत खुर्च्या होत्या, पण बसलेलं कोणीच नव्हतं, कारण भाषांतराचा कागद हातात आला की बाई बसत नसत. पंचाहत्तरीच्या बाई उभ्या असताना आपण बसायचं कसं, म्हणून आम्हीही उभे.

खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत बाई चालत राहायच्या. जाताना वाक्य स्पॅनिशमध्ये म्हणायच्या, येताना इंग्रजीत. मध्येच अडल्या तर मराठीत स्वतःशी भांडायच्या. त्यांच्या खाली अन्सारभाईचं झेरॉक्सचं दुकान होतं. वरची पावलं जोरात वाजायला लागली की तो छताकडे बघून गिऱ्हाइकांना सांगायचा, "बाईसाहब का कुछ अटका है." पावलं थांबली की म्हणायचा, "निकल गया." मग पुढचा कागद मशीनवर ठेवायचा.

'डबल मीनिंग बाई' हे नाव त्यानेच ठेवलेलं. कुणीही कागद घेऊन आलं की बाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "याचे दोन अर्थ होतात." हे नाव पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसायचा, आपल्याकडे डबल मीनिंग कशाला म्हणतात ते सांगायला नको. बाईंना हे नाव माहीत होतं. "बरोबर आहे त्याचं," त्या म्हणायच्या. "फक्त माझे दोन्ही अर्थ सभ्य असतात."

बाई आमच्या पनवेलच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. आधी भाऊ गेला इस्राएलला, मग बहीण, मग बहिणीची मुलं. बाई जुन्या पनवेलमधल्या तळ्याजवळच्या त्या दोन खोल्यांत राहिल्या. त्यांचं इन्कम टॅक्स रिटर्न दर वर्षी मी भरून देत असे, त्यामुळे वर्षातून एकदा तरी त्यांच्याकडे चहा व्हायचा. तुम्ही का नाही गेलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "हिब्रूत मला फक्त देवाशी बोलता येतं, सबनीस. तिकडे भाजीवाल्याशीपण बोलावं लागेल."

स्पॅनिश त्या शिकल्या नोकरीपायी. मुंबईत एका जहाज कंपनीच्या ऑफिसात लागल्या तेव्हा विशीत होत्या. दक्षिण अमेरिकेतून पत्रं यायची, ती वाचणारे गृहस्थ निवृत्त झाले, म्हणून साहेबाने बाईंना शिकायला पाठवलं. पहिल्याच वर्षी एका माणसाचं शिफारसपत्र हातात आलं. गोदामावर देखरेखीला माणूस हवा होता आणि चिलीच्या कुणीतरी त्याच्याबद्दल लिहिलं होतं, 'ओम्ब्रे दे कुइदादो'. कुइदादो म्हणजे काळजी. बाईंनी लिहिलं, काळजी घेणारा माणूस. माणूस लागला. पुढे गोदामातला माल चोरीला जायला लागला तेव्हा बाईंना कळलं की त्या तीन शब्दांचा अर्थ, ज्याच्यापासून आपण काळजी घ्यावी असा माणूस. ऑफिसने त्यांना काही म्हटलं नाही. त्याच म्हणत राहिल्या, पुढची पन्नास वर्षं.

"शिफारसपत्रात कुणी खोटं लिहीत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. "खरं अशा शब्दांत लिहितात, की वाचणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर वाचावं." मला हे पटलं नव्हतं. मी आकड्यांचा माणूस; शब्दालाही एक किंमत असावी असं मला वाटतं. तर म्हणाल्या, "घरी जा आणि बायकोला सांगा, तू शहाणी आहेस. मग थोड्या वेळाने परत सांगा, तू शहाणीच आहेस. आणि मग मला येऊन सांगा, जेवायला काय मिळालं."

त्या शुक्रवारी विद्याच्या हातात अशीच दोन शिफारसपत्रं होती. विद्या माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भाऊ गेला तेव्हा ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढे एका एजन्सीतर्फे ती स्पेनला गेली आणि उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या एका गावात एका म्हाताऱ्या बाईंची शुश्रूषा करत चार वर्षं राहिली. त्या बाई वारल्या आणि विद्या परत आली. आता आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात जागा होती. मुलाखत झाली, पसंती झाली, फक्त चारित्र्याची दोन पत्रं इंग्रजीत हवी होती. विद्याला स्पॅनिश उत्तम येतं, पण स्वतःच्या पत्राचं भाषांतर स्वतः केलेलं चालत नाही. त्रयस्थ भाषांतरकाराची सही आणि शिक्का लागतो. मुदत सोमवारची. फ्लॅटचे हप्ते चालू होते, आणि ही जागा गेली तर पुढची कधी निघेल ते एजन्सीलाही सांगता येत नव्हतं.

पत्रं घरी आली तेव्हा उत्साहाच्या भरात मी मोबाइलवर त्यांचं भाषांतर करून पाहिलं होतं. गावच्या पाद्र्याच्या पत्रातून निघालं, हिला पुष्कळ डावा हात आहे. विद्या उजव्या हाताने लिहिते, उजव्या हाताने जेवते. दुसरं पत्र म्हाताऱ्या बाईंच्या मुलीचं होतं. त्यातून निघालं, ही फार भोचक आहे, या घरातली कुठलीही गोष्ट हिच्या नजरेतून सुटली नाही. मी मोबाइल बंद केला आणि बाईंना फोन लावला.

डाव्या हाताचं बाईंनी दोन येरझाऱ्यांत मिटवलं. हसल्याच त्या. "मुचा मानो इस्किएर्दा. म्हणजे माणसं सांभाळून घेण्याचं कसब. पाद्र्याने चांगलं लिहिलंय, यात दुसरा अर्थ नाही." मग दुसरं पत्र घेतलं आणि खिडकीपाशी थांबल्या. बाई खिडकीपाशी थांबल्या की समजावं, अडलं.

"मूय कुरिओसा," त्यांनी वाचलं. "याचे दोन अर्थ होतात."

एक अर्थ मोबाइलने सांगितलेला: सगळ्यात नाक खुपसणारी. दुसरा फक्त उत्तरेकडच्या त्या भागातला: नीटनेटकी, हातातलं काम निगुतीने करणारी. मी लगेच म्हटलं, गाव उत्तरेकडचं आहे, तेव्हा दुसराच अर्थ; लिहून टाका. बाईंनी विद्याकडे पाहिलं. विद्या खालच्या आवाजात म्हणाली, "मुलगी गावात राहत नाही. कॉलेजपासून माद्रिदला आहे. माद्रिदमध्ये या शब्दाचा पहिलाच अर्थ आहे."

माझ्या लक्षात आलं की विद्याला हे सगळं आधीपासून माहीत होतं. तो एक शब्द ती महिनाभर बॅगेत घेऊन फिरत होती.

बाईंनी तिला विचारलं, असं काही झालं होतं का. विद्याने सांगितलं ते थोडक्यात असं. म्हातारी दिवसेंदिवस सुस्त व्हायला लागली, जेवताना मान टाकायची. औषधांच्या डबीत गोळ्या भरून ठेवायचं काम मुलीचं. ती पंधरा दिवसांनी माद्रिदहून यायची आणि भरून जायची. औषधांचं कपाट उघडायचं नाही असं विद्याला सांगितलेलं होतं. तिने उघडलं. दोन वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत एकच औषध निघालं. एक गावच्या डॉक्टरचं, एक हॉस्पिटलचं. म्हातारीला दुप्पट गोळ्या चालल्या होत्या. मुलगी आली तेव्हा विद्याने दोन्ही खोकी टेबलावर ठेवली. मुलीने आधी एवढंच विचारलं, कपाट उघडायला तुला कुणी सांगितलं? दुसऱ्या दिवसापासून एक गोळी बंद झाली. म्हातारी त्यानंतर दीड वर्ष जगली. मुलगी विद्याशी नीट वागायची, पण कपाटाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

"म्हणजे शब्द तिच्या मनात कुठून आलाय ते मलाच माहीत नाही," विद्या म्हणाली. "ते वाक्य गाळता नाही का येणार, बाई?"

"गाळणं हेही भाषांतरच. वाईट भाषांतर."

मी माझ्या परीने वाद घातला. संशयाचा फायदा आपल्या मुलीला द्यायला काय हरकत आहे, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, "तो न्यायाधीशाने द्यायचा असतो. मी पोस्टमन आहे. पाकीट उघडं मिळालं म्हणून मला त्यात काही घालता येत नाही." मी म्हटलं, सोमवारी मुदत आहे. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि कागद उशीखाली ठेवावा तसा फाइलमध्ये ठेवला. दिवस मावळायला आला होता. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार संपेपर्यंत बाई पेनाला हात लावत नसत, फोनलाही नाही. माद्रिदला फोन करून लिहिणारीलाच विचारायचं, एवढा एकच उपाय होता, आणि तो शनिवारी संध्याकाळपर्यंत होणार नव्हता.

तो शनिवार मी कसा काढला ते माझं मला माहीत. सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब काढून बसलो, तीनदा बेरीज केली आणि तिन्ही वेगळ्या आल्या. विद्याने घरातली सगळी भांडी पुन्हा घासली. तिची आई म्हणाली, अगं ती स्वच्छ आहेत. तर म्हणाली, मला माहीत आहे. दुपारी मी तिला म्हटलं, तूच कर ना फोन, तुझी ओळख आहे. तर म्हणाली, "काका, तिने पहिलाच अर्थ सांगितला तर मी फोनवर काय बोलू? थँक यू म्हणू?" नोकरी जाईल याची तिला भीती होती, पण त्याहून जास्त भीती होती ती त्या घराने आपल्याला काय समजून निरोप दिला हे कळण्याची.

संध्याकाळी आम्ही वेळेआधीच जाऊन पोचलो. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस, संपतो. बाईंकडे त्यासाठी छापील वेळांचं कॅलेंडर होतं. "विमानतळ झाल्यापासून तारे कुठले आणि विमानं कुठली, कळत नाही," त्या म्हणाल्या. "तीन मोजावेत तर दोन दिल्लीला निघालेले असतात." वेळ झाली. त्यांनी प्रार्थना केली, मग साडीच्या पदराने चष्मा पुसला आणि नंबर फिरवला. स्पेनमध्ये तेव्हा दुपार होती. विद्या गॅलरीत जाऊन पाठ करून उभी राहिली. तिला ते बोलणं कळलं असतं, म्हणून ती बाहेर. मला एक अक्षर कळणार नव्हतं, म्हणून मी आत.

फोन बराच चालला. बाई आधी फार सभ्य आवाजात बोलल्या, मग नुसत्या ऐकत राहिल्या. चालत होत्या, त्या दारापाशी थांबल्या. खिडकीपाशी थांबणं मला माहीत होतं. दारापाशी थांबलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. फोन ठेवून त्यांनी विद्याला आत बोलावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, निदान माझ्यासमोर तरी, कागद हातात असताना खुर्चीवर बसल्या. तिला त्यांनी स्पॅनिशमध्ये सांगितलं. मग मला मराठीत.

"ती म्हणाली, आईच्या घरी, आईच्या टेबलाशी बसून लिहीत होते, म्हणून आईचा शब्द आला. नीटनेटकी. मी म्हटलं, ठीक आहे, तसं लिहिते. मग म्हणाली, थांबा, दुसरा अर्थपण राहू द्या. हिने ते कपाट उघडलं नसतं तर आई दीड वर्ष आधीच गेली असती. मी तेव्हा तिला बोलले. माफी मागायची राहून गेली, आणि शिफारसपत्रात माफी कशी मागतात ते मला माहीत नव्हतं."

विद्या आत गेली. नळ चालू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ चालूच राहिला.

पण बाईंचं काम संपलं नव्हतं. उलट वाढलं होतं. दोन्ही अर्थ धरणारा एक शब्द इंग्रजीत सापडेना. त्या उठल्या आणि पुन्हा चालायला लागल्या. मी म्हटलं, मराठीत आहे की, चौकस. बाई मध्येच थबकल्या. "अहो सबनीस," त्या म्हणाल्या, "नाक खुपसणारीही आली, निगुतीचीही आली. आपल्या भाषेत एका शब्दात झालं असतं. पण आयर्लंडला मराठी कोण वाचणार?" शेवटी त्यांनी दोन तुकडे केले: शी इज मेटिक्युलस, अँड शी लुक्स इनटू थिंग्ज. खाली तळटीप दिली की मूळ शब्दाचे दोन अर्थ होतात आणि लेखिकेला विचारून दोन्ही ठेवले आहेत. शिक्का मारला, सही केली. अन्सारभाईने वर न बघताच स्कॅन केलं. "निकल गया?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

आयर्लंडहून उत्तर यायला दोन महिने लागले. कागद मान्य झाले होते. विद्याची जाण्याची तयारी सुरू झाली आणि मी राहिलेले एक हजार रुपये पाकिटात घालून बाईंकडे गेलो. दाराला कुलूप होतं. अन्सारभाईने सांगितलं, सकाळी वरून पावलांचा आवाजच आला नाही, म्हणून तो जाऊन बघून आला होता. बाईंना झटका आला होता. त्यानेच रिक्षातून हॉस्पिटलला पोचवलं होतं.

बाई घरी आल्या त्या बिछान्यावर. उजवी बाजू गेली होती आणि शब्दांचा सगळा काला झाला होता. मराठीत सुरू झालेलं वाक्य स्पॅनिशमध्ये संपायचं, कधी संपायचंच नाही. एकेका शब्दासाठी जन्मभर येरझाऱ्या घातलेल्या बाई आता हाताला लागेल तो शब्द देत होत्या आणि तो चुकला हे त्यांना कळत होतं. ते बघवत नसे. मी पाकीट पुढे केलं तर त्यांनी डाव्या हाताने बाजूला सारलं. आता नको, की तुम्हीच ठेवा, की मी घेणारच नाही. कळायला मार्ग नव्हता. मी ते परत आणलं आणि कपाटात ठेवलं.

इस्राएलच्या भाच्याने पैसे पाठवले आणि नेऱ्याहून कमळाबाईंना दिवसरात्रीसाठी ठेवलं. कमळाबाई आगरी, चाळिशीच्या, हाताला जड कामाची सवय. कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, ते विद्याने जायच्या आधी चार दिवस येऊन दाखवलं. पुढे आयर्लंडहून व्हिडिओवर तपासतही असे. बोलायला मात्र कमळाबाई आपल्या आपणच शिकल्या. मला सांगत, "बाई आग्वा बोलली का पानी. नादा बोलली का काय नको. सांजचे नादा नादा जास्ती करती, तरी आमी भरवतो." एकदा मी गेलो तेव्हा त्या बाईंचा हात खांद्यावर घेऊन त्यांना खिडकीपर्यंत नेत होत्या. डॉक्टरांनी सांगितलं का, मी विचारलं. "नाय," त्या म्हणाल्या, "पन पाय सलसलतान तिचं. निजून र्‍हाववत नाय."

बाई दिवाळीनंतर गेल्या. दफनाची प्रार्थना म्हणायला त्यांच्या समाजातले दहा पुरुष लागतात. ठाण्याहून आणि अलिबागहून बोलावून ते पुरे केले. अन्सारभाईने दुकान दिवसभर बंद ठेवलं.

राहिला प्रश्न त्या पाकिटाचा. भाचा फोनवर म्हणाला, ठेवा हो काका, एवढ्याशा पैशांचं काय. मला ते जमणारं नव्हतं. खोल्या आवरायला गेलो तेव्हा कमळाबाई आपलं गाठोडं बांधत होत्या. बाई माझ्या पाकिटाबद्दल कधी काही बोलल्या होत्या का, असं मी सहज विचारलं. त्या जरा घुटमळल्या.

"बोलली व्हती एकदा. पन बाईचं बोलनं तवा असं झालेलं, कोन मानील? म्हून आमी काय काडलं नाय."

काय बोलल्या ते जसंच्या तसं सांगा, मी म्हटलं. कमळाबाईंनी आठवून, बाईंसारखंच थांबत थांबत सांगितलं, "सबनीस... मिल... तुला." आणि आपल्या बोलीत अर्थही सांगितला: सबनीसकडून मिलंल तुला. आगरी बोलीत ळ चा ल होतो, त्यामुळे मलाही ते बरोबरच वाटलं. किती मिळेल म्हणाल्या, असं विचारलं, तर त्यांना माहीत नव्हतं. "आमाला वाटला, साडी-बिडी असंल."

घरी आल्यावर सहज म्हणून मी विद्याला हे फोनवर सांगितलं. तिने मला तेच शब्द परत म्हणायला लावले. मग म्हणाली, "काका, मिल म्हणजे स्पॅनिशमध्ये हजार."

पाकिटात किती आहेत हे कमळाबाईंना कधीच कळलेलं नव्हतं. ते ठरलं तेव्हा हजर होतो त्या आम्हा तिघांनाच माहीत होतं. बाई असत्या तर नक्की म्हणाल्या असत्या की याचे दोन अर्थ होतात, लिहिणाऱ्याला विचारा. इथे विचारायला माणूस उरलं नव्हतं. पण कुठलाही अर्थ घेतला तरी हिशेब एकच निघत होता. दुसऱ्या दिवशी नेऱ्याला जाऊन एक हजार रुपये कमळाबाईंना रोख दिले.